नारळ देवीचा, नंबर दवाखान्याचा

तेल्हाऱ्याच्या बाईला दोन दिवस घराबाहेर काढायचे असतील तर कारण मजबूत लागतं. लग्न, मयत नाहीतर देव. लग्नसराई सुरू व्हायची होती, मयत उगाच कोणाची सांगावी, म्हणून मी देव धरला. "अमरावतीले अंबादेवीच्या दर्शनाले जाऊन येतो," असं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच पेटीतून हिरवा खण काढला, चांगला शेंडीचा नारळ निवडला, मूठभर तांदूळ पुडीत बांधले आणि म्हणाल्या, "माह्या नावानं ओटी भरजो." मी सगळं पिशवीत घेतलं आणि खोटं बोलल्याची टोचणी लागली म्हणून त्यांच्या पायाही पडले.

आता खरं सांगते. माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली होती आणि मी ती दाखवायला चालले होते. आमच्याकडे या अवयवाचं नाव कोणी घेत नाही. 'छातीत' म्हणतात, नाहीतर 'अथी', म्हणजे इथं, म्हणून नुसतं बोट दाखवतात. मी एकोणपन्नास वर्षांची, शाळेत मास्तरीण, पोरांना शरीराचा धडा शिकवते, पण स्वतःच्या नवऱ्याला सांगायची वेळ आली तेव्हा मीसुद्धा बोटच दाखवलं.

आंघोळ करताना साबणाच्या हाताला लागली. मग आठ दिवस मी रोज न्हाणीत जाऊन पाहायची, गेली का. काही गेली नाही. मी बोट दाखवलं तेव्हा आमचे हे कापूस वेचणीच्या बाया ठरवत फोनवर बोलत होते, त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "मी येतो सोबत." म्हणाले खरं, पण आमच्या गोऱ्ह्याला सुई टोचताना गोऱ्हा उभाच राहिला होता आणि हे खाली बसले होते. मी म्हटलं, तुम्ही कापूस पाहा.

तशीही आमच्या घराची रीत ठरलेली आहे. सुनेला दवाखान्यात न्यायचं काम मोठ्या जावेचं. माझ्या दोन्ही बाळंतपणांना जाऊबाईच सोबत होत्या. त्यांचं नाव कमलबाई, मी नुसतं 'बाई' म्हणते. वय अठ्ठावन्न, शिक्षण चौथी, आणि घरात कोणताही वाद झाला तरी शेवटचं वाक्य त्यांचं. मी सांगितलं तेव्हा त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"किती दिस झाले?"

"आठ."

"दुखते?"

"नाई."

त्यांनी हात लावून पाहिलं. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. शेवटी सूप भिंतीला लावलं आणि म्हणाल्या, "मंग चाल. बसून काय राह्यली?"

बुधवार, अकोला

तेल्हारा ते अकोला या रस्त्याबद्दल लिहीत नाही. गेलेल्यांना माहीत आहे, न गेलेल्यांना कशाला भ्या दाखवा. एवढंच सांगते, की स्टँडवर उतरल्यावर बाईंनी लुगडं झटकलं आणि विचारलं, "गाठ जाग्यावर हाय ना वं? का रस्त्यानं पडली?"

आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. माणसं वळून पाहू लागली तशी आणखी हसलो. शाळेत कधी कधी पोरींच्या एका बाकाला हसू लागतं, त्याला कारण नसतं आणि 'गप्प बसा' म्हटलं की ते वाढतं, तसं माझं त्या दोन दिवसांत झालं होतं. मी मनातून टरकले होते, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, काय मजा येऊन राहिली बाप्पा, किती वर्षांनी आम्ही दोघी घर सोडून कुठे निघालो.

दवाखान्यात आमचा नंबर सतरावा होता. डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. आधी बसवून त्यांनी विचारलं: गाठ कधी लागली, पाळी चालू आहे का, बोंडातून काही पाणी, रक्त येतं का, माहेरी कोणाला असं झालं होतं का. ज्या जाणार असतील त्यांनी याची उत्तरं घरूनच आठवून जावं. मी आईच्या मावशीवर येऊन अडकले, कारण ती कशाने गेली ते आमच्याकडे कोणी बोललंच नव्हतं.

"केवढी वाटते?"

"भिजल्या हरभऱ्याएवढी," मी म्हटलं.

"नाई वो मॅडम," बाई मध्येच बोलल्या. "चांगली बोराएवढी हाय. हे सारं कमी करून सांगते. शंभर ताप असला तं म्हनते कणकण हाय."

मग पडद्याआड. एक नर्स सोबत उभी राहिली, तशी रीतच असते म्हणे. हात वर करा, आता कमरेवर ठेवा, आता जरा पुढे वाका. मी रोज प्रार्थनेनंतर पोरांकडून हीच कवायत करून घेते, त्यामुळे शेवटी मीच 'विश्राम' म्हणेन की काय अशी भीती वाटली. मग आडवं झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला लावून, बोटांच्या सपाट भागाने गोल गोल तपासलं. काखेत पाहिलं, गळ्याच्या हाडाशी पाहिलं, ज्या बाजूला काही नव्हतं ती बाजूही पाहिली. दुखलं नाही. लाज म्हणाल तर ती पहिल्या मिनिटाला आली आणि दुसऱ्या मिनिटाला निघून गेली, इतकं ते डॉक्टरीणबाईंना रोजचं काम होतं.

"बहुतेक गाठी साध्या असतात," त्या म्हणाल्या. "पण हाताला साधी लागली म्हणून मी साधी म्हणणार नाही. मशीनवर फोटो, सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून तपास, हे तिन्ही झाल्यावर बोलू. अमरावतीला एकाच ठिकाणी होतं. उद्या अकराला जा."

"मॅडम, केवढी हाय ते तं सांगा," बाईंनी धरूनच ठेवलं होतं.

"दोन सेंटिमीटर."

"म्हंजे बोर का हरभरा?"

डॉक्टरीणबाईंनी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "बोर." बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

हातात एक कागद मिळाला. आंघोळ करून यावे. पावडर, अत्तर, मलम काहीही लावू नये. जुने रिपोर्ट असल्यास आणावे. मी तो बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मुक्काम जुन्या शहरात होता, मोर्णेचा पूल ओलांडून. तिथे माझी डीएडची मैत्रीण नसीम राहते, उर्दू शाळेत शिकवते. दारातच तिने आम्हाला मिठी मारली. "अरे सुनंदा, इतने दिन बाद आयी, और वो भी ऐसे कारन से! आओ आपा, बैठो." तिने तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत केलं होतं, कांद्याची पात घालून, वर कच्चं तेल. सोबत ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. बाईंनी पहिला घास घेतला आणि कबूल केलं की भरीत आपल्यासारखंच आहे, फक्त मिठाचा हात जरा हलका आहे. बाईंकडून ही मोठीच शाबासकी.

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आम्ही देवीचं नाव सांगून निघालो होतो, आणि नसीमच्या घरी जेवताजेवताच तिच्या सासूने विचारलं, कोणत्या बाजूला आहे, केवढी आहे, कधीपासून आहे. मी घास हातात धरून इकडेतिकडे पाहू लागले.

"इसमें शरमाना क्या?" नसीम म्हणाली. "हमारी फूफी का यही ऑपरेशन हुआ था. पूरा मोहल्ला देखने आया."

बाईंचा हात थांबला. "साऱ्या गल्लीले सांगतलं?"

"तो क्या छुपाते? बारा साल हो गये आपा. आज भी सबको डाँटती फिरती है."

"बारा साल?" बाईंनी विचारलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बारा?"

"बारा. कल के दिन मिलवा दूँ क्या?"

बाई नको म्हणाल्या आणि पुढची भाकर त्यांनी मागितली नाही. मला वाटलं, मिठामुळे असेल.

गुरुवार, अमरावती

सकाळी मी कागदात लिहिल्याप्रमाणे आंघोळ करून, काही न लावता बाहेर आले तर बाई नसीमच्या स्वयंपाकघरात एका वाटीत काहीतरी कालवत होत्या. पदराच्या गाठीतून हळद काढलेली, कमरेच्या डबीतून चुना. दोन्ही एकत्र आल्यावर लालभडक झालं होतं आणि पळीत कोमट करून त्या माझ्याकडे येत होत्या.

"बाई, कागदात काय लिवलं? काई लावू नका म्हने."

"पावडर लावू नका म्हने. मलम लावू नका म्हने. हे काय पावडर हाय? हे हयद-चुना हाय."

"पण..."

"सूज असो, गाठ असो, हयद-चुना ओढून घेते. झाली तेवढी कमीच होइन ना दवाखान्यात जाईलोक! पोलकं सोड."

हे वाचून तुम्ही म्हणाल, मास्तरीण असून हिनं ऐकलं कसं. ज्यांना मोठी जाऊ आहे त्या म्हणणार नाहीत. लेप लागला, वाळला, बाईंनी तो कोरड्या फडक्याने पुसला, कारण पाण्याने धुतला तर गुण जातो. वरून पोलकं चढवलं आणि आम्ही निघालो.

अमरावतीचा दवाखाना मोठा. खिडकीवर नाव, वय, गाव, मग फाईल, मग बाक. बाकावर पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर. शेजारची बाई म्हणाली, "देवीले जाऊन आल्या काय?" मी म्हटलं, "जायचं हाय." ती म्हणाली, "आमी बी तेच सांगून आलो घरी," आणि आम्ही तिघी फिदीफिदी हसलो. तिच्या पिशवीतही नारळ होता! त्या बाकावर त्या दिवशी किती नारळ असतील ते देवीलाच ठाऊक.

मशीनच्या खोलीत बाईमाणसंच असतात, हे आधी सांगते. एक तरुण टेक्निशियन मुलगी होती, गोड बोलणारी. मशीन उंच, छातीच्या पातळीवर एक सपाट पट्टी. त्या पट्टीवर छाती ठेवायची, वरून दुसरी काचेसारखी पट्टी येते आणि दाबते. पापड दाबायचा साचा ज्यांनी पाहिला असेल त्यांना जास्त सांगायला नको. दाबते, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आणते. पण 'श्वास धरा' म्हटल्यापासून दहा मोजायच्या आत सोडते. प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो.

डाव्या बाजूचे झाले आणि ती मुलगी पडद्याकडे पाहत राहिली. गोड बोलणं थांबलं. "काकू, तुम्ही जरा बसा हं," म्हणाली आणि बाहेर गेली.

मी बसले. पडदा माझ्याकडेच तोंड करून होता. करड्या रंगावर पांढरे ठिपके, बारीक बारीक, खूप. फळा पुसल्यावर खडूचा चुरा उडतो ना, तसे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती मुलगी धावत का गेली हे कळत होतं. दोन दिवसांचं हसू कुठल्या कुठे गेलं. पोराची दहावी आली डोक्यात. सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या डब्यात आहेत ते फक्त मला माहीत, हे आलं. मग मी स्वतःशी पहिल्यांदा सरळ शब्दांत म्हटलं, सुनंदा, तू मरणार. आणि इतकं रडू आलं की उघड्या अंगावर तो दवाखान्याचा झगा ओढून मी तोंड दाबून घेतलं.

मोठ्या मॅडम आल्या. पडद्यावर पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. मग मशीनकडे गेल्या. पट्टीवरून एक बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"हे काय आहे?"

मी झगा बाजूला करून पाहिलं. डावीकडे सगळा लाल-पिवळा चिखल. घामाने लेप सुटला होता.

"हळद-चुना," मी म्हणाले, पहिलीतल्या पोराच्या आवाजात.

मॅडमनी असा श्वास सोडला की मशीनचासुद्धा जीव भांड्यात पडला असेल. "अहो बाई, चुना फोटोत पांढरा दिसतो! आम्ही ज्या ठिपक्यांना घाबरतो ना, अगदी तसाच दिसतो. ही पोरगी धावत आली माझ्याकडे."

मग काय! साबण, ओला कापूस, पुन्हा साबण. दोघींनी मिळून मला घासली, पोळ्याला बैल घासतात तशी. मुलगी पट्टी पुसता पुसता म्हणाली, "मॅडम, आज आपल्या मशीनचं हळदीकुंकू झालं," आणि मॅडमही हसल्या. मी हसू लागले ती थांबेचना, हसता हसता रडले, रडता रडता पुन्हा हसले. दुसऱ्यांदा फोटो काढले. ठिपके गेले होते. एकटी गाठ होती, गोल, आपल्या जागी.

बाहेर येऊन मी बाईंवर तुटून पडले. "बाई, तुमच्या हयद-चुन्यानं आज माहा जीव घेतला असता! साऱ्या फोटोत चुन्याचे ठिपके! मशीन लाल झाली!"

मला वाटलं, त्या हसतील, निदान भांडतील तरी. त्या हसल्या नाहीत. "गाठ कमी नाई झाली?" त्यांनी विचारलं.

"चुन्यानं गाठ कशी जिरन बाई? वरून लावलेलं वरच राह्यते."

"जिरतच नाई?"

"नाई."

"कितीक दिस लावला तरी?"

तेव्हा मला थोडं थोडं कळायला लागलं. मी पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ बसले. "तुमी किती दिस लावून राह्यल्या?"

बाई नारळाची शेंडी बोटाला गुंडाळत होत्या. "दोन वर्सं झाले," म्हणाल्या. "उजव्या अंगाले."

दोन वर्षं! एका चुलीशी आम्ही दोघी रोज बसतो. मी पोळ्या लाटते, त्या भाजतात. कोपर कोपराला लागतं. दोन वर्षं माझ्या कोपराजवळ ती गाठ होती आणि मला पत्ता नाही. मला इतका राग आला की तिथेच ओरडले, "काऊन नाई सांगतलं?"

"कोनाले सांगू? पयले वावराचं काम होतं, मंग पोरीचं लगन निंगालं, मंग सासूबाईचं हाड मोडलं. आन दुखत तं नवती ना." मग हळूच, "लहान व्हती पयले. आता तुह्या बोरापेक्षा मोठी हाय."

"चला, आत्ताच्या आत्ता नंबर लावतो."

"नाई." बाईंचं 'नाई' म्हणजे बैल बसला म्हणजे बसला. "आंदी तुह्यं पाहू. तुह्यं साधं निंगालं तं मी दाखवतो. वचन देतो."

"आन नाई निंगालं तं?"

"तं घरी कोनी उभं राहाले पायजे ना, तुह्यं कराले."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि ते तसंच राहिलं. आता माझ्या निकालावर दोघींचं ठरणार होतं. सोनोग्राफी झाली, गार चिकट जेल लावून, काहीच दुखलं नाही. सुईच्या आधी बधिर करायचं इंजेक्शन, ते तेवढं चावतं. नंतरच्या सुईचा आवाज मोठा, खट्! पण तो आवाज मॅडमनी आधी हवेत करून दाखवला, म्हणजे दचकू नये. चार वेळा खट्, मग पट्टी, मग तासभर बसायचं, आठवडाभर पाण्याचा गुंड उचलायचा नाही. निकाल पुढच्या गुरुवारी. मी अंगाने जेमतेम दुखावले होते. मनाने मात्र बाहेरच्या बाकावर होते.

बाहेर पडलो तेव्हा पाच वाजले होते. भूक अशी की बोलता येईना. गाडीवर गिला वडा खाल्ला, दह्यात बुडालेला, वर तिखट चटणी. बाईंनी मला दोन प्लेट चारल्या, स्वतः एक, आणि गाडीवाल्याला सांगितलं की दही आंबट आहे. देवी राहिली. शेवटची गाडी सुटली असती. स्टँडवरूनच पाव किलो पेढे घेतले, प्रसाद म्हणून, आणि नारळ पिशवीच्या तळाशी कपड्यांखाली दडपला.

सासूबाईंनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. काही विचारलं नाही.

पुढचा गुरुवार

मधले सात दिवस बाई माझ्याशी कपाशी, दूध आणि मांजर या तीनच विषयांवर बोलल्या. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्या उठून गेल्या. आमच्या ह्यांना सांगू का, भासऱ्यांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, सांगू का, असा विचार करून करून माझं डोकं फिरलं. पण शब्द त्यांचा होता, मी कोण सांगणारी?

निघायच्या सकाळी सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "थोच नारळ नेता, का दुसरा देऊ?"

आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या.

"पेढ्यावर स्टँडच्या दुकानाचा कागद व्हता, आन सात दिस तू गुंड उचलला नाई," सासूबाई म्हणाल्या. "या खेपेला दर्शन बी करून या. आन दवाखान्यात जे सांगतील थे मले येऊन सांगा. मी काय बाहेरची हाय?"

गाडीत बसेपर्यंत आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. बसल्यावर पाहिलं, आणि तेल्हारा मागे पडेपर्यंत हसत राहिलो.

दवाखान्यात मला एकटीला आत बोलावलं. मॅडमनी कागद वाचला आणि सरळच सांगितलं, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. आत्ता काढायचीही गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवायला या. वाढली वाटली तर आधी या. आणि कृपा करून येताना काही लावू नका!" मी त्यांचे दोन्ही हात धरले. धावत बाहेर आले. बाई, साधी आहे! एवढंच ओरडायचं होतं.

बाकावर बाई नव्हत्या. पिशवी होती, नारळ होता.

पळाल्या, असं वाटलं. संडासात पाहिलं, जिन्यात पाहिलं. मग खिडकीकडून ओळखीचा आवाज आला. "पन्नास काऊन लिवलं? अठ्ठावन्न लिवा. उगी जवान करू नका मले."

त्यांच्या हातात नवी फाईल होती. मी आत गेले तशाच त्या उठून रांगेत लागल्या होत्या.

"बाई, माह्यं साधं निंगालं," मी म्हटलं. "पण तुमी तं निकाल ऐकाले थांबल्याच नाई."

"थांबली असती तं कोनाची हिंमत झाली असती?" बाई फाईल छातीशी धरून म्हणाल्या. "साधं म्हनली असती तं म्या म्हनलं असतं, माही बी साधीच असन, राहू दे. आन वंगाळ निंगालं असतं तं मी भेवानं मेली असती. सात दिस इचार केला, म्हनलं आंदी नंबर लाव." मग पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "धर. आता तू बस भायेर. आन सकायी दोनदा साबन लावून आंगुय केली हाय, सांग त्या पोरीले. मशीन खराब नाई होत."

त्या आत गेल्या. मी नारळ मांडीवर घेऊन बसले. बाहेर बसणं हे आत जाण्यापेक्षा जड असतं, हे मला त्या तासाभरात कळलं. बाईंनी आधीच्या गुरुवारी तिथे काय सोसलं असेल, तेही कळलं.

त्या दिवशी आम्ही खरंच दर्शन घेतलं. सासूबाईंच्या नावाने ओटी भरली. नवस बोलायचं मनात आलं, पण बाई म्हणाल्या, "देवीच्या मागं कटकट नको लावू, तिले बी काम हाय," आणि मला गाभाऱ्यासमोर हसू फुटलं.

बाईंची गाठ साधी नव्हती. हे लिहिताना हात थांबतो, पण न लिहिलं तर प्रवास अर्धा राहील. दोन वर्षं उशीर झाला होता, मॅडमनी ते लपवलं नाही. पण दुसरीकडे कुठे पसरलेली नाही, आणि उपचार आहे, हेही त्यांनी तितकंच स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन झालं. आता दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला आम्ही अमरावतीला जातो. केस गेले, त्यावर त्यांचं म्हणणं असं की पन्नास वर्षं तेल लावून वैताग आलाच होता. औषधाच्या दुसऱ्या दिवशी त्या उलट्यांनी लोळागोळा होतात, मी जवळ बसते. चौथ्या दिवशी उठून माझ्या पोळ्या वाकड्या आहेत म्हणतात. गिला वड्याचा गाडीवाला आता आम्हाला गोड दही बाजूला काढून ठेवतो. गल्लीत कोणी विचारलं तर बाई सगळं सांगतात, कोणती बाजू, केवढी होती, किती दिवस लपवली. नसीमच्या फूफीला त्यांनी फोनवर विचारून घेतलं आहे की बारा वर्षं कशी काढली.

परवा सकाळी आम्ही दोघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. मागच्या गल्लीतली वच्छला आली. नेहमी फाटकातूनच बडबड सुरू करणारी बाई, आज थेट ओट्याशी आली. उभी राहिली. पदराखाली तिच्या हातात एक नारळ होता. तिने तो थोडा पुढे केला, पुन्हा मागे घेतला.

"कमलबाई," ती म्हणाली, "तुमी पुन्ना अंबादेवीले कवा जाता?"

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिला बसायला जागा करून दिली.

"गुरुवारी सकायी सातची गाडी हाय," त्या म्हणाल्या. "साबनानं आंगुय करून ये. आन काई लावू नको."